स्वीडनमध्ये सत्ता नेमकी कुठे असते?

प्रश्न असा आहे: "मी पुण्याहून पब्लिक पॉलिसीच्या मास्टर्ससाठी स्वीडनला येतोय. तिथली राजकीय व्यवस्था समजून घ्यायला सुरुवात कुठून करू? राजा आहे, पंतप्रधान आहे, सगळे म्हणतात समाजवादी देश आहे, मग एवढ्या खासगी शाळा आणि कंपन्या कशा? आणि सरकार बदललं तरी रोजच्या कारभारात फारसा फरक पडत नाही असं का म्हणतात?"

मी बरीच वर्षं इथल्या एका कोम्यूनमध्ये काम करतेय. कोम्यून म्हणजे आपल्या नगरपालिकेसारखी संस्था, पण अधिकार कितीतरी जास्त. माझं काम शिक्षण विभागाच्या फायली तयार करण्याचं, त्यामुळे पुस्तकात असतो त्या क्रमाने सांगत नाही, आतून काम जसं दिसतं तसं सांगते.

आधी एक सवय सोडावी लागेल, सत्ता मंत्र्याच्या केबिनमध्ये शोधायची. आपल्याकडे काम अडलं की डोक्यात पहिल्यांदा काय येतं, कोणाची ओळख निघते का, आमदारांचं पत्र मिळेल का, मंत्रालयात कोणी आपलं माणूस आहे का. इथे त्या पत्राचा उपयोग शून्य आहे, कारण घटनेच्या १२व्या प्रकरणातलं दुसरं कलम सांगतं की एखाद्या माणसाच्या किंवा कोम्यूनच्या प्रकरणात, किंवा कायदा लावण्याच्या बाबतीत, सरकारी खात्याने काय निर्णय द्यावा हे बाहेरचं कोणीही ठरवू शकत नाही, संसदसुद्धा नाही. तुमचं रेसिडेन्स परमिट मिग्रेशन्सवेर्केट बघणार, टॅक्स स्काटेवेर्केट बघणार, मूल झालं तर रजेचे पैसे फॉर्सेक्रिंग्सकासन देणार. ही खाती मंत्रालयाच्या पोटात नसतात, बाहेर स्वतंत्र असतात, प्रत्येकाचा स्वतःचा डायरेक्टर जनरल असतो. अशी तीनशेहून जास्त खाती आहेत आणि केंद्र सरकारचे बहुतेक कर्मचारी तिथेच असतात, सगळी मंत्रालयं मिळून मात्र काही हजार माणसं. मंत्र्याने परमिटच्या अधिकाऱ्याला फोन करून "हे जरा बघा" म्हटलं तर ती राष्ट्रीय बातमी होते, आणि संसदेची संविधान समिती त्या मंत्र्याला बोलावून जाब विचारते.

मग मंत्री करतात काय, हा पुढचा प्रश्न हमखास येतो. सरकारचे निर्णय सगळ्या मंत्र्यांनी मिळून घ्यायचे असतात, दर गुरुवारी बैठक होते, एकट्या मंत्र्याच्या सहीवर चालणारं फार थोडं असतं. खात्याला वळवायचं असेल तर कायदा बदला, बजेट बदला, डायरेक्टर जनरल नेमताना विचार करा, आणि वर्षाअखेरीस प्रत्येक खात्याला जे रेगलेरिंग्सब्रेव जातं, म्हणजे पुढच्या वर्षी किती पैसे मिळणार, कशासाठी मिळणार आणि कशाचा हिशोब द्यायचा याचं पत्र, त्यात लिहा. हे पत्र उघड असतं, कोणीही वाचू शकतं. एखाद्या क्षेत्रात सरकारला खरंच काय हवंय हे भाषणांपेक्षा या पत्रात जास्त कळतं, म्हणून विद्यार्थ्यांना मी नेहमी आधी तेच वाचायला सांगते. ही रचना काल-परवाची नाही, १६३४ साली अ‍ॅक्सेल ऑक्सेनशेर्नाने राज्यकारभाराचा जो आराखडा घालून दिला त्यात वेगवेगळ्या कामांसाठी स्वतंत्र मंडळं होती, तिथपासून ही परंपरा चालत आलीय. लोकशाही नंतर आली, कचेऱ्या आधीपासून होत्या.

हे जगाला दिसलं ते २०२० मध्ये. बाकी देशांत पंतप्रधान टीव्हीवर येऊन लॉकडाऊन जाहीर करत होते तेव्हा इथे दुपारच्या पत्रकार परिषदेत सरकारी साथरोगतज्ज्ञ आंदेर्श टेगनेल उभे राहायचे. स्वीडनने काहीतरी प्रयोग केला असं तेव्हा सगळीकडे छापून आलं, पण आतून बघितलं तर यंत्रणा नेहमीसारखीच चालली होती, फोल्कहेल्सोमिंडिगहेटन हे आरोग्य खातं सल्ला देत होतं आणि सरकार बहुतेक तोच उचलत होतं. शिवाय घटनेत शांततेच्या काळात लावता येईल अशी आणीबाणीची तरतूदच नाही, देशात कुठेही जायचा हक्क घटनेनेच दिलेला आहे, त्यामुळे दुकानं-मॉल यांच्यावर निर्बंध घालायला लागणारा तात्पुरता साथ कायदा जानेवारी २०२१ मध्ये आला. सरकारनेच नेमलेल्या कोरोना आयोगाने डिसेंबर २०२० च्या पहिल्या अहवालात लिहिलं की वृद्धाश्रमांतल्या लोकांना वाचवण्यात आपण कमी पडलो आणि त्या व्यवस्थेतले दोष आधीपासून माहीत होते. फेब्रुवारी २०२२ च्या शेवटच्या अहवालात म्हटलं की सक्तीऐवजी सल्ल्यावर भर देण्याची दिशा ढोबळमानाने बरोबर होती, पण सुरुवातीला जास्त कडक पावलं उचलायला हवी होती आणि सरकार त्या एका खात्यावर फार विसंबून राहिलं. मला हे दुसरं वाक्य फार महत्त्वाचं वाटतं. खात्यांची स्वायत्तता रोजच्या कामात नागरिकाला वाचवते, पण संकटात "निर्णय कोणाचा" या प्रश्नाचं उत्तर पटकन मिळत नाही. वृद्धांची देखभाल कोम्यूनकडे, डॉक्टर रेगिऑनकडे (कोम्यूनपेक्षा मोठी, प्रांतासारखी संस्था), सल्ला राष्ट्रीय खात्याकडे, या तिघांच्या मधल्या फटीत माणसं गेली, आणि हे मी त्रयस्थासारखं लिहू शकत नाही, आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर वृद्धसेवेचं ऑफिस होतं.

आता संसद. तिला रिक्सडाग म्हणतात, ३४९ जागा, १९७१ पासून एकच सभागृह, दर चार वर्षांनी सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी निवडणूक. त्याच दिवशी रेगिऑन आणि कोम्यूनचंही मतदान होतं, तीन रंगांच्या चिठ्ठ्या असतात, रिक्सडागची पिवळी, रेगिऑनची निळी, कोम्यूनची पांढरी. जागा मतांच्या प्रमाणात मिळतात, त्यासाठी देशभरात ४ टक्के मतं लागतात (किंवा एखाद्या मतदारसंघात १२ टक्के, म्हणजे तिथल्यापुरत्या जागा मिळतात). ३४९ हा विषम आकडा मुद्दाम आहे, आधी ३५० जागा होत्या आणि १९७३ च्या निवडणुकीत दोन्ही बाजूंना बरोबर १७५-१७५ मिळाल्या, मग पुढची तीन वर्षं मतं समान पडली की चिठ्ठी काढून निकाल लावावा लागायचा. राजाबद्दल विचारलंत, तर कार्ल सोळावा गुस्ताफ १९७३ पासून गादीवर आहे, पण १९७४ च्या घटनेने त्याचा राज्यकारभारातला सगळा अधिकार काढून घेतला. तो कायद्यावर सही करत नाही, पंतप्रधान नेमत नाही. आपल्या राष्ट्रपतींना निदान नेमणूक आणि सहीचं काम आहे, इथल्या राजाला तेवढंही नाही, पंतप्रधानाचं नाव संसदेचे स्पीकर सुचवतात.

या नाव सुचवण्यात खरी गंमत आहे आणि परीक्षेलाही हा प्रश्न येतोच. पंतप्रधान व्हायला बहुमत तुमच्या बाजूने असावं लागत नाही, फक्त तुमच्या विरोधात नसावं लागतं. १७५ जणांनी "नाही" म्हटलं तर नाव पडतं, नाहीतर पास. २४ नोव्हेंबर २०२१ चा दिवस घ्या. माग्दालेना आंदेर्सन यांच्या नावावर मतदान झालं, बाजूने ११७, विरोधात १७४, तटस्थ ५७, एक गैरहजर. विरोधातली मतं जास्त होती पण १७५ झाली नव्हती, म्हणून त्या निवडून आल्या, देशातल्या पहिल्या महिला पंतप्रधान, स्त्रियांनी इथे पहिल्यांदा संसदेसाठी मतदान केलं त्याला तेव्हा १०० वर्षं झाली होती. त्याच दुपारी बजेटवर मतदान झालं, सेंटर पक्षाने सरकारच्या बजेटला साथ दिली नाही, आणि विरोधकांचं बजेट, जे मॉडरेट, ख्रिश्चन डेमोक्रॅट आणि स्वीडन डेमोक्रॅट या पक्षांनी मिळून बनवलं होतं, ते पास झालं. ग्रीन पक्ष म्हणाला आम्ही हे बजेट राबवणार नाही, ते सरकारातून बाहेर पडले, आणि युतीतला पक्ष गेला की पंतप्रधानाने राजीनामा द्यायचा असा इथला संकेत असल्याने आंदेर्सन यांनी साधारण सात तासांत पद सोडलं. पाच दिवसांनी, २९ तारखेला, पुन्हा मतदान, या वेळी बाजूने फक्त १०१, विरोधात १७३, तटस्थ ७५, आणि त्या परत पंतप्रधान. ११७ मतांवर जिंकून १०१ मतांवर पुन्हा जिंकल्या, आणि वर्षभर विरोधकांच्या बजेटवर सरकार चालवलं. आपल्याकडे हे आमदार फोडणं आणि रिसॉर्टपर्यंत गेलं असतं, इथे सगळं सभागृहात उघड मतांनी झालं, आणि त्या आठवड्यात आमच्या ऑफिसात एकही काम थांबलं नाही.

तटस्थ राहणं हे इथलं फार कामाचं हत्यार आहे. लहान पक्ष म्हणतो, आम्ही तुमच्या सोबत नाही पण तुम्हाला पाडणारही नाही, आणि त्या बदल्यात काहीतरी मागून घेतो. म्हणून स्वीडनमध्ये अल्पमतातली सरकारं ही नेहमीची गोष्ट आहे. स्पीकरची चार नावं पडली तर मध्यावधी निवडणूक घ्यावी लागते, पण त्या निवडणुकीने नवी चार वर्षं मिळत नाहीत, ठरलेली निवडणूक ठरलेल्या वेळीच होते, त्यामुळे कोणालाच ती नको असते, शेवटची १९५८ मध्ये झाली होती. २०२२ च्या निवडणुकीनंतर उल्फ क्रिस्टेर्सन यांचं सरकार आलं, मॉडरेट, ख्रिश्चन डेमोक्रॅट आणि लिबरल असे तीन पक्ष, बाहेरून स्वीडन डेमोक्रॅट पक्षाचा पाठिंबा, तिडो किल्ल्याच्या नावाने झालेल्या करारावर. त्या पक्षाला २०१० मध्ये ५.७ टक्के मतं होती, २०२२ मध्ये २०.५ टक्के. १९४६ पासून २३ वर्षं टागे एर्लांडेर एकटे पंतप्रधान होते तो काळ आता परत येणार नाही, हे तुमच्या अभ्यासात गृहीत धरा.

पण सरकार कितीही डळमळीत असलं तरी बजेट पास होतं, हे कसं? याचं उत्तर १९९० च्या दशकातल्या आर्थिक संकटात आहे. सप्टेंबर १९९२ मध्ये क्रोना या इथल्या चलनाचा ठरलेला दर वाचवायला रिक्सबँकेने, म्हणजे इथल्या मध्यवर्ती बँकेने, व्याजदर ५०० टक्क्यांवर नेला होता, तरी नोव्हेंबरमध्ये तो ठरलेला दर सोडून द्यावाच लागला. सरकारी तूट आणि बेकारी दोन्ही हाताबाहेर गेली. त्या धड्यावरून नियम बदलले: संसद आधी एकूण खर्चाची कमाल मर्यादा ठरवते, मग तो खर्च २७ क्षेत्रांत वाटला जातो, आणि त्या वाटपावर एकाच मतदानात निर्णय होतो. प्रत्येक पक्ष आपलं पूर्ण बजेट मांडू शकतो, पण या पक्षाच्या बजेटमधलं चांगलं, त्या पक्षाच्या बजेटमधलं चांगलं असं वेचून घेता येत नाही. एखाद्या क्षेत्रात पैसे वाढवायचे तर दुसऱ्या क्षेत्रातून काढावे लागतात. हे नियम दिसायला रटाळ आहेत पण अल्पमतातली सरकारं टिकतात ती यांच्यामुळे.

आता माझ्या मते स्वीडनचा सगळ्यात शिकण्यासारखा भाग, उत्रेदनिंग. कुठलाही मोठा कायदा करायचा तर आधी सरकार एक चौकशी नेमतं, कधी एकटा तज्ज्ञ, कधी विरोधी पक्षांसकट समिती, तिला लेखी आदेश दिला जातो की काय शोधायचं आणि कधीपर्यंत. तिचा अहवाल एसओयू या मालिकेत छापला जातो, ही मालिका १९२२ पासून चालू आहे. मग येतो रेमिस. तो अहवाल खात्यांना, कोम्यूनना, विद्यापीठांना, युनियन्सना, संस्थांना पाठवतात, साधारण तीन महिने देतात, आणि ज्यांना पाठवला नाही तेही उत्तर देऊ शकतात, तुम्हीसुद्धा. आमच्या विभागाकडे शाळांबद्दलचे असे अहवाल येतात, कधी कधी सहाशे-सातशे पानं, ते वाचून, मुख्याध्यापकांशी बोलून उत्तर लिहायचं, ते आमच्या शिक्षण समितीत मंजूर करून घ्यायचं आणि पाठवायचं. पुढे सरकारचं विधेयक आलं की त्यात एक भाग असतो, कोणी काय म्हटलं आणि सरकारने ते का मानलं किंवा का मानलं नाही. आपण लिहिलेला मुद्दा तिथे सापडतो. मुद्दा फेटाळला असला तरी कारण दिलेलं असतं, आणि मग कायदा आल्यावर आपल्याला कोणी न विचारता हे लादलं असं म्हणायला जागा राहत नाही. अलीकडे मुदती आखडत चालल्यात, काही प्रस्तावांवर उत्तर द्यायला इतके थोडे दिवस देतात की वाचूनही होत नाही, आणि हे कुठल्याही रंगाच्या सरकारने केलं तरी मला ते धोकादायक वाटतं, कारण गती मिळवायला हीच एक गोष्ट गमावली तर बाकीचा डोलारा नुसता दिखावा उरतो.

या पद्धतीचं फळ काय असतं ते पेन्शनमध्ये बघा. १९५९ मध्ये एटीपी नावाची पेन्शन योजना खालच्या सभागृहात ११५ विरुद्ध ११४ अशी एका मताने पास झाली, तीसुद्धा एक लिबरल खासदार तटस्थ राहिले म्हणून. त्याआधी सार्वमत, मध्यावधी निवडणूक, सगळं झालं होतं, देश दोन भागांत वाटला गेला होता. १९९० च्या दशकात ती योजना परवडेनाशी झाली तेव्हा पाच पक्ष एकत्र बसले, १९९४ मध्ये तत्त्वं ठरली, १९९८ मध्ये कायदे झाले. पगाराच्या १८.५ टक्के रक्कम पेन्शनसाठी धरली जाते, त्यातली १६ टक्के आजच्या निवृत्तांना जाते आणि तुमच्या खात्यावर तेवढा हक्क जमा होतो, २.५ टक्के तुमच्या निवडीच्या फंडांत जाते. आणि देणी मालमत्तेपेक्षा जास्त झाली तर पेन्शनची वाढ आपोआप मंदावते, त्याला इथे ब्रेक म्हणतात, २०१० मध्ये तो पहिल्यांदा लागला. आपल्याकडे जुनी पेन्शन की नवी पेन्शन यावर महाराष्ट्रात संप झालेत, म्हणून हे मुद्दाम सांगतेय. इथेही निवृत्त लोक नाराज आहेत, कमी पगारात आयुष्य काढलेल्या बायकांना तर फारच थोडं मिळतं, पण निवडणुकीच्या तोंडावर कोणी एक पक्ष येऊन सगळी रचना उलटी करत नाही, कारण ती सगळ्यांनी मिळून बांधलेली आहे.

तुमचं रोजचं आयुष्य मात्र कोम्यूनमध्ये जाईल. देशात २९० कोम्यून आहेत आणि त्यांच्या वर २१ रेगिऑन (गोटलंड बेटावर दोन्हीचं काम एकच संस्था करते). दवाखाने आणि हॉस्पिटलं, लोकल बस-ट्रेन हे रेगिऑनचं काम. पाळणाघर, शाळा, वृद्धांची देखभाल, गरजूंना मदत, पाणी, कचरा, बांधकामाचं नियोजन, अग्निशमन हे कोम्यूनचं. आणि या संस्था हात पसरून बसत नाहीत, त्या स्वतः इन्कम टॅक्स लावतात, दोन्ही मिळून सरासरी ३२ टक्क्यांच्या आसपास, दर प्रत्येक ठिकाणी वेगळा. केंद्राचा २० टक्के इन्कम टॅक्स फक्त ठरावीक मर्यादेच्या वरच्या कमाईवर, त्यामुळे साध्या नोकरदाराचा सगळा इन्कम टॅक्स बहुधा कोम्यून आणि रेगिऑनलाच जातो. साहजिकच श्रीमंत आणि गरीब कोम्यूनमध्ये फरक पडणार, त्यासाठी समानीकरणाची व्यवस्था आहे, स्टॉकहोमजवळचं श्रीमंत डांडेरिड पैसे देतं आणि उत्तरेकडचं विरळ वस्तीचं डोरोतेआ घेतं. यावर दरवर्षी भांडण होतं. आपल्या जिल्हा परिषदा आणि नगरपालिका वरून येणाऱ्या निधीची वाट बघत बसतात ते आठवलं की मला वाटतं स्वीडनमधून उचलण्यासारखी पहिली गोष्ट हीच, जो सेवा देतो त्यालाच टॅक्स लावायचा अधिकार.

कोम्यूनचे राजकारणी बहुतेक सगळे दुसरी नोकरी करणारे असतात. आमच्या शिक्षण समितीत एक नर्स आहे, एक ट्रक चालवणारा आहे, एक निवृत्त गणिताच्या बाई आहेत. समजा एका गावातली छोटी शाळा बंद करायचा विषय आहे, मुलांची संख्या घटलीय. आम्ही अधिकारी टिपण लिहितो, मुलांवर काय परिणाम होईल, बसला किती वेळ लागेल, पैसे किती वाचतील, पर्याय काय. ते टिपण बैठकीच्या आधी वेबसाइटवर येतं, पालक वाचतात, पेपरात पत्रं येतात. समिती मतदान करते, इतिवृत्तावर सह्या होतात आणि ते कोम्यूनच्या ऑनलाइन सूचना फलकावर लागतं. तिथून तीन आठवड्यांत कोम्यूनचा कोणताही रहिवासी त्या निर्णयाच्या कायदेशीरपणाला प्रशासकीय कोर्टात आव्हान देऊ शकतो, नागरिक असायची गरज नाही, तिथे नोंदणी असली की झालं. शाळा तरी बहुतेकदा बंद होतेच, पण मी अशा बैठकीतून बाहेर पडणाऱ्या पालकांना बघितलंय, ते चिडलेले असतात, फसवलेले वाटत नाहीत.

आणि फाइल मागायचा हक्क. १७६६ सालचा स्वीडनचा मुद्रणस्वातंत्र्याचा कायदा जगात पहिला मानला जातो, त्यातच सरकारी कागद बघायचा हक्क आला. व्यवहारात ते असं चालतं: कोणीतरी आमच्या रजिस्ट्रेटरला (कागदपत्रांची नोंद ठेवणाऱ्या बाईंना) फोन करतो, "शाळेच्या छपराच्या दुरुस्तीची टेंडरं आणि तुमचा पत्रव्यवहार हवा." तिने नाव विचारायचं नाही, कशासाठी हवंय हेही विचारायचं नाही, कायद्यानेच मनाई आहे. हातातलं काम बाजूला ठेवून ताबडतोब कागद शोधायचे, त्यात गोपनीय काही आहे का तपासायचं (मुलाच्या आजारपणाची माहिती, स्पर्धकाची व्यापारी गुपितं वगैरे), तेवढं काळं करून बाकीचं द्यायचं. नऊ पानांपर्यंत कॉपी साधारणपणे फुकट, दहाव्या पानापासून पैसे लागतात. नकार दिला तर तो लेखी मागा, त्यावर थेट वरच्या प्रशासकीय कोर्टात अपील होतं. पंतप्रधानांच्या ऑफिसची पत्रंसुद्धा याच नियमात येतात आणि शेजाऱ्याचं करपात्र उत्पन्न स्काटेवेर्केटला फोन करून विचारता येतं. सरकारी माणसाने पत्रकाराला माहिती दिली तर ती कोणी दिली हे साहेबाने शोधायलाही बंदी आहे. बोफोर्सची बातमी एप्रिल १९८७ मध्ये पहिल्यांदा स्वीडिश रेडिओने दिली होती हे तुम्हाला माहीत असेलच.

इथे आपला धागा खरंच जुळतो. महाराष्ट्राने २००२ मध्ये स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला, केंद्राचा २००५ मध्ये आला. आणि १८०९ पासून स्वीडनच्या संसदेचे ओम्बुड्समन आहेत, ज्यांच्याकडे कोणीही, परदेशी माणूससुद्धा, कुठल्याही खात्याची तक्रार फुकट करू शकतो, त्याच कल्पनेवरून आपला लोकायुक्त आला, महाराष्ट्राचा पहिला कायदा १९७१ चा. फरक एवढाच की इथल्या ओम्बुड्समनला निर्णय बदलायचा अधिकार नाही, तरी त्यांनी टीका केली की अख्ख्या खात्याला ती लागते. आमच्याकडे त्यांचं एक पत्र आलं की सगळी कामं सोडून उत्तर लिहिलं जातं.

समाजवादी देश हा शब्द मात्र डोक्यातून काढून टाका. किमान वेतनाचा कायदाच इथे नाही, वेतन युनियन आणि मालकांच्या संघटना करार करून ठरवतात, १९३८ च्या सॉल्टशोबाडन करारापासून सरकार त्यात शक्यतो पडत नाही, आणि जवळपास ९० टक्के कामगार अशा करारांखाली येतात. टेस्लाने असा करार करायला नकार दिला म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्ये मेकॅनिक संपावर गेले, गोदी कामगारांनी गाड्या उतरवणं बंद केलं, टपाल कर्मचाऱ्यांनी नंबर प्लेट पोचवणं बंद केलं, आणि सरकार म्हणालं हा दोघांमधला प्रश्न आहे. दुसरीकडे वारसा कर २००४ मध्ये गेला, संपत्ती कर २००७ मध्ये गेला. १९९२ पासून मुलाच्या मागे मिळणारे सरकारी पैसे खासगी शाळाही घेऊ शकतात आणि त्यातून नफाही काढू शकतात, शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या शाळा चालवतात. पालकांकडून फी घेता येत नाही हे खरं, पण रांगेत आधी नाव घालणारे, माहितीतले पालक चांगल्या शाळा पकडतात आणि बाकीची मुलं कोम्यूनच्या शाळेत उरतात, रिकाम्या बाकांचा खर्चही आम्हीच सोसतो. हे मी रोज बघते आणि माझं मत लपवत नाही: टॅक्सच्या पैशातून शाळांनी नफा काढणं चुकीचं आहे, एवढ्या विचारी देशाने हे अजून का चालू ठेवलंय हे मला पटत नाही.

पाळणाघराचं उलट आहे, तिथे धोरण फार नेटकं बसलंय. पालकांना मिळून ४८० दिवसांची पगारी रजा, त्यातले ९० दिवस प्रत्येकाचे राखीव, दुसऱ्याला देता येत नाहीत, म्हणून बाबागाडी ढकलणारे बाप रस्त्यावर दिसतात. मग अर्ज केल्यापासून चार महिन्यांत कोम्यूनने जागा द्यायचीच, आणि फी पहिल्या मुलासाठी उत्पन्नाच्या ३ टक्के, तीही एका कमाल रकमेपर्यंतच. दोघं कमावतात, दोघं टॅक्स भरतात, त्यातूनच ही व्यवस्था चालते. दवाखान्यांचं इतकं चांगलं सांगता येत नाही, तज्ज्ञ डॉक्टरची भेट ९० दिवसांत आणि ऑपरेशन त्यापुढच्या ९० दिवसांत अशी हमी कायद्यात आहे आणि खूप ठिकाणी ती पाळली जात नाही.

आल्यावर काय करायचं तेही सांगते. वर्षभर किंवा जास्त राहणार असाल तर स्काटेवेर्केटकडून पेर्सूननुम्मेर, म्हणजे व्यक्तिगत ओळख क्रमांक, काढा, त्याच्याशिवाय इथे काही हलत नाही. पुढे नोकरी लागून राहिलात तर सलग तीन वर्षांच्या नोंदणीनंतर कोम्यून आणि रेगिऑनसाठी मतदान करता येतं, नागरिकत्व नसलं तरी, आणि आपली खूप मंडळी हा हक्क वापरत नाहीत याचं मला वाईट वाटतं. रिक्सडागच्या गॅलरीत बसून चर्चा ऐकता येते. पण त्याआधी तुम्ही जिथे राहाल त्या कोम्यूनच्या परिषदेची एक बैठक गाठा, ती सगळ्यांना खुली असते. विषयपत्रिकेतला एक विषय निवडा, त्याची फाइल मागवा आणि भाषांतराच्या अ‍ॅपवर टाकून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा. अडलं तर रजिस्ट्रेटरला विचारा, तुम्हाला मदत करणं हा तिच्या कामाचाच भाग आहे.